पहिली कवळी करताना: माप, मटेरियल आणि शिजवणं

कवळी करायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो मटेरियलचा. साधी घेऊ की फ्लेक्सिबल? धातूची जास्त टिकते का? हल्ली मशीनवर कोरून मिळते म्हणे, ती घेऊ का? प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते तिसऱ्या-चौथ्या नंबरचे आहेत. मी गेली २६ वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. आमच्याकडे पेशंट येत नाही, त्याच्या जबड्याचं प्लॅस्टरचं मॉडेल येतं. ते हातात घेऊन कडेकडेने बोट फिरवलं की बहुतेक वेळा कळतं, ही कवळी तोंडात धरून बसेल की जेवताना सुटेल. तोवर गुलाबी पावडरीचा डबा उघडलेलासुद्धा नसतो.

म्हणून मटेरियलपासून सुरुवात करत नाही. आईवडिलांसाठी किंवा स्वतःसाठी पहिल्यांदाच पूर्ण कवळी करताना कोणत्या पायरीवर काय बघायचं आणि काय विचारायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: तोंड तयार होऊ द्या

दात काढल्यावर हिरडी वरून लवकर भरते, पण आतलं हाड पुढे कित्येक महिने झिजत राहतं, आणि सगळ्यात जास्त पहिल्या काही महिन्यांत. त्यामुळे डॉक्टर साधारण दीड ते तीन महिने थांबायला सांगतात. घरात लग्नकार्य असेल, बिनदातांचं बाहेर पडायचंच नसेल, तर दात काढले त्याच दिवशी बसवायची कवळीही करता येते. ती जरूर करा, पण काही महिन्यांत ती सैल होणार आणि आतून नवं अस्तर लावावं लागणार, हे आधीच धरून चला.

ज्यांची जुनी कवळी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी पुष्कळदा सांगायची राहून जाते. नवीन माप द्यायला जाण्याआधी किमान एक पूर्ण दिवस जुनी कवळी तोंडात घालू नका. तिच्याखाली हिरडी दबलेली असते. दबलेल्या हिरडीचं माप घेतलं तर नवी कवळी जुन्या कवळीचीच चूक पुढे चालवते.

बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून 'तासाभरात पक्के दात' देणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका. ते कच्चं ॲक्रिलिक, म्हणजे पावडर आणि द्रव कालवून होणारं कवळीचं प्लॅस्टिक, थेट तोंडातच थापतात. घट्ट होताना ते तापतं, त्यातलं द्रव हिरडीला भाजतं, आणि निघत नसल्यामुळे त्याखाली अन्न कुजत राहतं. अशा तोंडांची मॉडेलं माझ्याकडे आली आहेत, सगळं काढून टाकल्यानंतरची. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे फेऱ्या जास्त होतात, पण विद्यार्थ्यांच्या कामावर शिक्षकांची नजर असते आणि कोणतीही पायरी गाळली जात नाही.

पायरी २: माप दोनदा घेतलं जातंय ना?

मापाची पहिली फेरी अंदाजाची असते. खरवसासारखा थरथरीत गोठणारा अल्जिनेटचा लगदा ट्रेमध्ये भरून तोंडात धरतात. या लगद्यातलं पाणी लगेच उडायला लागतं आणि ठसा आकसतो, म्हणून त्यात प्लॅस्टर ताबडतोब ओतायचं असतं. सकाळी घेतलेला ठसा संध्याकाळपर्यंत टेबलावर पडून राहिला, तर तो आता तुमच्या जबड्याचा राहिलेला नसतो.

या मॉडेलवर लॅब फक्त तुमच्यासाठी एक ट्रे बनवते आणि दुसऱ्या फेरीत त्या ट्रेने खरं माप घेतात. ट्रेच्या कडांना हिरव्या कांडीचं मेणासारखं मटेरियल गरम करून लावतात आणि मग डॉक्टर तुम्हाला जीभ बाहेर काढायला, ओठ पुढे करायला, गाल हलवायला सांगतात. पेशंटला हा खेळ वाटतो. प्रत्यक्षात गालाचे आणि जिभेचे स्नायू जिथपर्यंत येतात तिथवरच कवळीची कड जावी, याची ती आखणी असते. कड जास्त लांब झाली तर टोचते आणि बोलताना कवळी उचलली जाते. आखूड राहिली तर कडेने हवा शिरते. शेवटी आत झिंक ऑक्साइडची पेस्ट किंवा सिलिकॉन भरून बारीक ठसा घेतात.

हे इतकं महत्त्वाचं का, ते घरीच करून बघा. ओल्या फरशीवर स्टीलचं ताट पालथं ठेवलं की ते सरळ वर उचलताना किती ओढ लागते? मधल्या पाण्याच्या पातळ थरामुळे. तोंडात ते काम लाळ करते. थर जितका पातळ आणि सलग, तितकी पकड जास्त. कवळी आणि हिरडीत पोकळी असेल, किंवा मधुमेहाने वा काही औषधांनी तोंड कोरडं पडत असेल, तर ही पकड कमी होते. तोंड कोरडं पडतं हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

वरच्या कवळीला टाळूचा अख्खा पसारा मिळतो. खालचीला जवळपास निम्मीच जागा, आणि मधे सतत हलणारी जीभ. शिवाय खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा कितीतरी वेगाने झिजतं. १९७२मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आजही शिकवल्या जाणाऱ्या एका दीर्घ अभ्यासात हे प्रमाण सुमारे चौपट आढळलं होतं. त्यामुळे खालची कवळी वरचीइतकी घट्ट बसणार नाही हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे उगाच तीन डॉक्टर बदलणार नाही. २००२मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूंवर, बटणासारखी अडकणारी कवळी हीच पहिली निवड असावी, असं म्हटलं. परवडत असेल आणि तब्येत साथ देत असेल तर तेवढा खर्च खालच्या जबड्यावर करा.

पायरी ३: मटेरियल ठरवा, पण कशासाठी ते ठरवून

ॲक्रिलिक. शंभरातल्या बहुतेक कवळ्या आजही याच्याच असतात. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते आलं. त्याआधी जवळपास ऐंशी वर्षं कडक केलेलं रबर वापरायचे, ज्याला ना हिरडीचा रंग होता ना वासापासून सुटका. ॲक्रिलिकमध्ये हीट क्युअर आणि कोल्ड क्युअर हा फरक लक्षात ठेवा. हीट क्युअर पाण्यात ठरावीक तापमानाला शिजवतात. कोल्ड क्युअर आपोआप घट्ट होतं, पण ताकदीला कमी, आणि त्यात पावडरीशी न जुळलेलं, कच्चं द्रव जास्त उरतं. आंतरराष्ट्रीय मानकात या उरलेल्या द्रवाची मर्यादा हीट क्युअरला २.२ टक्के आणि कोल्ड क्युअरला ४.५ टक्के आहे, यावरून अंदाज यावा. हे द्रव काहींच्या तोंडात जळजळ करतं. कोल्ड क्युअर दुरुस्तीसाठी ठीक आहे, पूर्ण कवळीसाठी हीट क्युअरच मागा.

रबराचे कण मिसळलेलं 'हाय इम्पॅक्ट' ॲक्रिलिक हे माझ्या मते सर्वसामान्य घरासाठी सर्वात सार्थकी लागणारं जादा पैशाचं काम आहे. बेसिनमध्ये पडली तरी सहसा वाचते. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी तर हेच घ्या.

फ्लेक्सिबल म्हणजे मुख्यतः नायलॉन. चार-दोन दात बसवायचे असतील तर तारेऐवजी गुलाबी पकड येते, दिसायला छान दिसतं. पण पूर्ण कवळीसाठी मी तुम्हाला ते सुचवणार नाही. चावताना पाया वाकतो, मग दाब सगळीकडे सारखा पडत नाही. ॲक्रिलिकचे दात त्याला रासायनिकरीत्या चिकटत नाहीत, दातांत भोकं पाडून अडकवावे लागतात. सैल झाली तर दवाखान्यात अस्तर लावता येत नाही, पॉलिश लवकर जातं आणि मग हळदीचा, चहाचा रंग धरतो. 'न तुटणारी' हे खरं आहे, पण तुटत नाही म्हणजे टिकते असं नाही. सैल होऊन डब्यात पडलेली कवळी तुटलेलीच समजायची.

कोबाल्ट-क्रोमचा ओतीव धातू. काही दात शिल्लक असताना अर्धवट कवळीसाठी याला तोड नाही. ॲक्रिलिकला दोनेक मिलिमीटर जाडी लागते तिथे हा अर्ध्या मिलिमीटरमध्ये भागवतो, त्यामुळे जिभेला जागा मिळते आणि चहाचा गरमपणाही टाळूला जाणवतो. वरची कवळी पुन्हा पुन्हा तुटत असेल तर टाळूवर धातूचा पाया घालून घेता येतो. मात्र नंतर दात वाढवणं किंवा धातूवर अस्तर लावणं अवघड. निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

मशीनवर कोरलेली आणि प्रिंट केलेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरीव कवळीसाठी कारखान्यात प्रचंड दाबाखाली आधीच शिजवलेली ॲक्रिलिकची चकती वापरतात. जे काही आकसायचं ते आकसून झालेलं असतं, मग त्यातून कवळी कोरली जाते. म्हणून ती हिरडीवर फार छान बसते आणि उरलेलं द्रवही नगण्य असतं. प्रिंट केलेली कवळी द्रव रेझिनचे थर प्रकाशाने घट्ट करत वाढते, नंतर धुऊन पुन्हा प्रकाशात पक्की करावी लागते. ती स्वस्त आणि झटपट, पण ताकदीत सहसा कोरीव कवळीच्या मागे. दोन्हींचा मोठा फायदा म्हणजे फाइल जपून ठेवली की कवळी हरवली तरी पुन्हा माप न देता दुसरी होते. म्हातारपणी हे लहान सुख नाही. पण माप चुकलं असेल, तर मशीन ती चूक केसाइतकाही फरक न करता कोरून देतं.

दातांचं थोडक्यात सांगतो. ॲक्रिलिकचे दात पायाला रासायनिकरीत्या जोडले जातात, काही वर्षांनी झिजतात. त्यातले क्रॉस-लिंक केलेले, म्हणजे आतले रेणू एकमेकांत जास्त घट्ट बांधलेले घ्या, जास्त चालतात. चिनी मातीचे दात झिजत नाहीत, पण खडखडतात आणि समोर खरे दात असतील तर ते घासून टाकतात.

पायरी ४: मेणाची ट्रायल घाईत उरकू नका

मधे एकदा मेणाच्या कड्या तोंडात घालून जबड्याची उंची आणि चावण्याची जागा ठरवतात. उंची जास्त झाली तर बोलताना दात एकमेकांवर आपटतात आणि गाल दुखतात. कमी झाली तर हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात. त्यानंतर दात मेणात लावून ट्रायल होते. ही दुरुस्तीची शेवटची स्वस्त संधी आहे. ट्रायलला घरातलं एक माणूस बरोबर न्या, जमल्यास तरुणपणीचा दात दिसणारा फोटो न्या, बसून पाच मिनिटं बोला, एकसष्ट ते सत्तर आकडे म्हणा. दात लांब वाटतात, फार पांढरे वाटतात, ओठ फुगलेला दिसतो, जे वाटतं ते आत्ता बोला. मेणातला दात आम्ही पाच मिनिटांत हलवतो. शिजवल्यावर तो हलत नाही.

याच वेळी आणखी एक मागणी करा. कवळीच्या आत, दिसणार नाही अशा जागी, नावाची छोटी पट्टी पारदर्शक ॲक्रिलिकखाली बसवून द्यायला सांगा. हॉस्पिटलमध्ये, वृद्धाश्रमात कवळ्यांची अदलाबदल होते, आणि दुसऱ्याच्या कवळीने कोणाचंच जेवण होत नाही.

पायरी ५: लॅबमध्ये काय होतं, आणि घाई का करू नये

ट्रायल झाली की मेणाची कवळी धातूच्या डब्यात, म्हणजे फ्लास्कमध्ये, प्लॅस्टरमध्ये पुरतात. प्लॅस्टर घट्ट झालं की गरम पाण्याने मेण वितळवून काढतात. आत दात तसेच उभे राहतात आणि मेणाच्या जागी पोकळी उरते. इथे दातांच्या बुडाशी मेणाचा पातळसा पापुद्रा राहिला तरी तिथे ॲक्रिलिक धरत नाही. सहा महिन्यांत कवळीतून एखादा दात अख्खा सुटून हातात येतो, त्याचं कारण पुष्कळदा हे असतं.

मग साधारण तीन भाग पावडर आणि एक भाग द्रव. मिश्रण आधी ओल्या वाळूसारखं, मग तारा सुटणारं, आणि मग हाताला न चिकटणाऱ्या मऊ कणकेसारखं होतं. त्याच टप्प्यावर ते पोकळीत भरून दाबायचं. नुसतं द्रव घट्ट होताना २१ टक्क्यांनी आकसतं. पावडर आधीच घट्ट झालेली असल्याने मिश्रणाचं आकसणं सहा-सात टक्क्यांवर येतं. अंदाजपंचे द्रव जास्त ओतलं की आकसणंही वाढलं.

आता शिजवणं. सावकाश पद्धतीत ७४ अंश सेल्सिअसला आठ-नऊ तास. झटपट पद्धतीत ७४ अंशांना सुमारे दोन तास आणि मग तासभर उकळत्या पाण्यात. पहिलं सावकाश तापवणं गाळता येत नाही, कारण घट्ट होताना ॲक्रिलिक स्वतःच उष्णता सोडतं आणि त्यातलं द्रव १०० अंशांच्या जरा वर उकळतं. एकदम तापवलं की जाड भागात ते द्रव उकळून बुडबुडे होतात, ढोकळ्यासारखी जाळी पडते. कामाला लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी एकदा ही चूक केली. संध्याकाळी द्यायची कवळी होती, मी फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात सोडला. खालच्या कवळीची जिभेकडची जाड बाजू जाळीदार निघाली. फ्लास्क फोडताना मॉडेलही गेलं होतं, त्यामुळे त्या आजोबांना पुन्हा पहिल्यापासून मापाला यावं लागलं. त्या दिवसापासून मी घाईची ऑर्डर घेतलेली नाही.

शिजल्यावर फ्लास्क सावकाश थंड करायचा. गरम असतानाच उघडला तर आत अडकलेला ताण सुटतो आणि कवळी वाकडी होते. सगळं नीट केलं तरी थोडं आकसणं राहतंच, आणि वरच्या कवळीत ते टाळूच्या मागच्या कडेला, मधोमध दिसतं: तिथे कवळी मॉडेलपासून किंचित उचललेली असते. म्हणूनच डॉक्टर मॉडेलवर त्या जागी बारीक खाच करतात. तिच्यामुळे कवळीच्या मागच्या कडेला एक उंचवटा येतो, तो मऊ टाळूत हलकेच रुततो आणि हवा अडवतो. नवी कवळी घातल्यावर उमासे येतात म्हणून पुष्कळ जण 'मागून जरा कापा' असा हट्ट धरतात. तिथे जास्त कापलं की हवा अडवणारा उंचवटाच गेला, आणि खोकताच कवळी खाली. उमासे बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत कमी होतात. तेवढा धीर धरा.

इंजेक्शन पद्धतीत घट्ट होत असतानाच दाबाने आणखी मटेरियल आत ढकललं जातं, त्यामुळे आकसण्याची भरपाई होते आणि चावण्याची उंची कमी बिघडते. दवाखान्यात 'बीपीएस' म्हणून जी कवळी सांगतात ती या प्रकारातली. डॉक्टरांना थेट विचारा: हीट क्युअर आहे ना? किती तास शिजवते लॅब? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

पायरी ६: पहिले पंधरा दिवस

पहिले काही दिवस मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. घास छोटा घ्या आणि दोन्ही बाजूंना वाटून एकदम चावा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडायचा प्रयत्न नको. सकाळचा पेपर मोठ्याने वाचा, जीभ आठवडाभरात रुळते.

कुठे टोचलं, फोड आला, तर कानस, पॉलिश पेपर, सुरी काहीही लावू नका. डॉक्टरांकडे जा, आणि जाण्याआधी काही तास कवळी घालून ठेवा. न घालता गेलात तर फोड बसलेला असतो आणि नेमकी जागा सापडत नाही. दोन-तीन वेळा अशी दुरुस्ती लागणं हा कामाचाच भाग आहे.

पायरी ७: सांभाळ, तुटणं आणि अस्तर

रात्री कवळी काढा आणि साध्या पाण्यात ठेवा. हिरडीला श्वास मिळतो, आणि ॲक्रिलिक कोरडं पडून आकार बदलत नाही. गरम पाणी कधीही नको, वाकते. टूथपेस्टने ओरखडे पडतात, त्यात बुरशी घर करते. अंगाचा साबण आणि मऊ ब्रश पुरे. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तर पाण्यावर पडेल. धातू असलेल्या कवळीला ब्लीच लावू नका. जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेली कवळी उष्ट्याबरोबर टाकली जाते, हे इतक्या घरांत घडतं की डबी सोबत ठेवाच.

तुटली तर सगळे तुकडे, अगदी कणही, घेऊन जा. झटपट चिकटवणारा डिंक लावू नका. तुकडे जरासे चुकीचे चिकटले की आम्हाला ते जुळवता येत नाहीत. दुरुस्त केलेली जागा मूळ ताकदीची होत नाही. वरची कवळी त्याच जागी, मधोमध, दुसऱ्यांदा तुटली तर दुरुस्ती थांबवा आणि कारण शोधायला सांगा. खाली खरे दात आहेत का, ओठाला हिरडीशी जोडणाऱ्या दोरीसाठी कवळीत ठेवलेली खाच फार खोल आहे का, की हाड झिजल्यामुळे कवळी टाळूच्या मध्यावर झुलते आहे? एका बाईंची कवळी आमच्याकडे तिसऱ्यांदा आली, तेव्हा मी डॉक्टरांना फोन करून जुळवणी बघायला सांगितली. हिरडी खाली गेली होती, कवळी तराजूसारखी मधे टेकून डुलत होती. अस्तर लावल्यावर ती पुन्हा आली नाही.

काहीही दुखत नसलं तरी वर्षातून एकदा दाखवा. हाड झिजणं थांबत नाही, आणि सैल कवळी चिकटवायच्या पावडरीवर वर्षानुवर्षं चालवली तर ती हाड आणखी झिजवते. पहिलं अस्तर बहुधा वर्ष-दोन वर्षांत लागतं आणि पाच-सात वर्षांनी कवळी बदलण्याचा विचार करावा लागतो. तेव्हा जुनी कवळी टाकून देऊ नका. नवीन करायला जाताना ती डॉक्टरांना दाखवा आणि तिच्यात काय आवडलं होतं, काय नव्हतं ते सांगा. दातांची ठेवण, उंची, ओठांचा फुगवटा, सगळं तिच्यावरून मोजता येतं. काम झालं की ती पाण्याच्या डबीत ठेवा, नवी दुरुस्तीला गेली की त्या दोन दिवसांचं जेवण तिच्यावरच होईल.